घड्याळ कोणाचे, दिवस कोणाचा

सूर्य डोक्यावर आला की बारा वाजले, हा हिशेब माणसाला हजारो वर्षे पुरला. त्यात अडचण एकच होती. सूर्य सगळ्या गावांच्या डोक्यावर एकाच वेळी येत नाही. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे रेखांशाच्या प्रत्येक अंशामागे ४ मिनिटांचा फरक पडतो. सूर्याच्या हिशेबाने मुंबईत बारा वाजतात तेव्हा मद्रासला साडेबारा होत आलेले असतात आणि कोलकात्यात एक वाजून दोन मिनिटे झालेली असतात. बैलगाडी आणि शिडाचे जहाज होते तोवर हा फरक कुणाला जाणवला नाही. मुंबईहून निघालेला माणूस कोलकात्याला पोहोचेपर्यंत कित्येक आठवडे जात. तिथे गेल्यावर एका तासाची चूक कोण काढणार?

आगगाडी आणि तारायंत्र आले आणि गावोगावच्या या वेळा एकमेकींना भिडल्या. मग कोणत्या गावाची वेळ खरी धरायची यावरून सरकारे, न्यायालये, विद्यापीठे, चर्च आणि गिरण्या शंभरेक वर्षे भांडत राहिल्या. तारखांची भांडणे तर त्याहून जुनी. या भांडणांचे कागद चाळताना हसू येते, पण त्यांत एक सूत्रही सापडते: कोणती वेळ टिकली आणि कोणती विस्मरणात गेली, हे खगोलशास्त्राने क्वचितच ठरवले.

दोन मिनिटकाटे

इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेने नोव्हेंबर १८४०मध्ये आपल्या सगळ्या स्थानकांवर लंडनची वेळ लागू केली. लंडनच्या पश्चिमेला असलेले ब्रिस्टल सूर्याच्या हिशेबाने १० मिनिटे मागे होते. ब्रिस्टलकरांपैकी जो आपल्या घड्याळावर विसंबून स्थानकावर जाई, त्याला गाडीचा धूरच दिसे. शहराने मग अर्धी माघार घेतली. तिथल्या कॉर्न एक्स्चेंजच्या इमारतीवरील घड्याळाला आणखी एक मिनिटकाटा बसवण्यात आला. एक काटा ब्रिस्टलची वेळ दाखवी, दुसरा लंडनची. १८५२मध्ये शहराने लंडनची वेळ अधिकृतपणे स्वीकारली, पण ते दोन मिनिटकाट्यांचे घड्याळ आजही तिथे आहे.

ऑक्सफर्ड लंडनच्या ५ मिनिटे मागे. तिथल्या क्राइस्ट चर्च कॉलेजमधली ‘ग्रेट टॉम’ नावाची घंटा रोज रात्री १०१ ठोके देते. मूळच्या १०० विद्यार्थ्यांत नंतर एकाची भर पडली, म्हणून १०१. हे ठोके नऊला पडायचे असतात, पण नऊ कोणाचे? कॉलेजने आपलेच नऊ धरले. त्यामुळे आजही घंटा वाजते ती सगळ्या इंग्लंडच्या घड्याळांत ९ वाजून ५ मिनिटे झाल्यावर.

हा वाद न्यायालयातही पोहोचला. १८५८च्या नोव्हेंबरमध्ये डॉर्चेस्टर येथे जमिनीच्या एका दाव्याची सुनावणी सकाळी १० वाजता ठेवली होती. न्यायालयाचे घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर लावलेले. त्यात १० वाजताच न्यायाधीश स्थानापन्न झाले, प्रतिवादी हजर नाही असे पाहिले आणि वादीच्या बाजूने निकाल देऊन मोकळे झाले. प्रतिवादी आला तेव्हा गावच्या घड्याळात अजून १० वाजायचे होते. आपण वेळेवर आलो, निकालच लवकर लागला, अशी त्याची तक्रार. वरच्या न्यायालयाने ती मान्य केली: कायद्याला ठाऊक असलेली वेळ म्हणजे त्या जागेची वेळ, रेल्वेची वेळ ही रेल्वेपुरती. ब्रिटिश संसदेने कायदा करून ग्रीनिचची वेळ अधिकृत ठरवली ती १८८०मध्ये. म्हणजे जवळपास चाळीस वर्षे देश एका वेळेने प्रवास करत होता आणि दुसऱ्या वेळेने खटले चालवत होता.

वेळ विकणारी बाई

अचूक वेळ हवी असेल तर ती आणायची कुठून? लंडनमध्ये ती घरपोच मिळत असे. ग्रीनिच वेधशाळेतील जॉन हेन्री बेल्व्हिल यांनी १८३६मध्ये हा उद्योग सुरू केला. वेधशाळेच्या घड्याळाशी आपले घड्याळ जुळवायचे, घोडागाडीतून लंडनभर फिरायचे आणि वर्गणीदार घड्याळजींना ते दाखवायचे. हे घड्याळ जॉन अर्नोल्ड या नामांकित कारागिराने घडवलेले होते. त्याची सोन्याची डबी चोरांच्या डोळ्यांत भरेल म्हणून बेल्व्हिल यांनी ती काढून चांदीची बसवून घेतली. १८५६मध्ये त्यांचा मृत्यू झाल्यावर त्यांच्या पत्नी मारिया यांनी काम पुढे चालवले आणि १८९२पासून मुलगी रूथ हिने. ‘अर्नोल्ड’ असे घड्याळाचेच नाव पाडून रूथबाई दर आठवड्याला ग्रीनिचला जात, तिथून त्याच्या अचूकतेचा दाखला घेत आणि दारोदार वेळ पोहोचवत.

तोवर तारायंत्राने वेळ पाठवणारी एक कंपनी लंडनमध्ये निघाली होती. १९०८मध्ये त्या कंपनीच्या एका संचालकाने भाषणात रूथबाईंच्या पद्धतीची टिंगल केली आणि बाई असल्यामुळेच त्यांना गिऱ्हाईक मिळते असेही सुचवले. भाषण वर्तमानपत्रात छापून आले. बातमीदार रूथबाईंच्या दारात गोळा झाले आणि त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. प्रतिस्पर्ध्याने केलेली ही जाहिरात त्यांना फुकटातच मिळाली. बाईंची गिऱ्हाइके वाढली. रूथबाईंनी हा व्यवसाय १९४०पर्यंत, म्हणजे वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावरही चालवला. रेडिओवर वेळेचे ठोके तोवर सोळा वर्षे ऐकू येत होते.

फ्रेंच तोडगे

फ्रान्सने वेळेच्या बाबतीत दोन गमती केल्या. पहिली क्रांतीच्या काळातली. वजने-मापे दशमान होत आहेत तर दिवस का नको, असा विचार करून १७९३मध्ये क्रांतिकारी सरकारने दिवसाचे १० तास, तासाची १०० मिनिटे आणि मिनिटाचे १०० सेकंद ठरवले. मध्यरात्री शून्य, दुपारी पाच. नवा तास जुन्या २ तास २४ मिनिटांएवढा झाला. काही घड्याळजींनी दोन्ही वेळा दाखवणाऱ्या तबकड्या बनवल्या आणि त्या पाहून गोंधळ वाढलाच. सक्तीचा हा प्रयोग सप्टेंबर १७९४मध्ये सुरू झाला आणि एप्रिल १७९५मध्ये स्थगित झाला. दहा दिवसांचा आठवडा मात्र बरीच वर्षे कागदोपत्री राहिला. सातव्या दिवशी मिळणारी सुट्टी दहाव्या दिवशी मिळू लागली, हे कामकऱ्यांना पटणारे नव्हतेच. नेपोलियनने १ जानेवारी १८०६पासून जुने कॅलेंडर परत आणले.

दुसरी गंमत ग्रीनिचवरून घडली. १८८४मध्ये वॉशिंग्टन येथे २५ देशांचे प्रतिनिधी जमले आणि शून्य रेखांश ग्रीनिचमधून जावा असा ठराव २२ मतांनी झाला. एक मत विरोधी पडले. फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ राहिले. फ्रान्सने १८९१मध्ये देशभर पॅरिसची वेळ लागू केली. त्यातही रेल्वेचा खास शिष्टाचार होता. स्थानकाच्या बाहेरचे घड्याळ पॅरिसची वेळ दाखवी आणि फलाटावरचे मुद्दाम ५ मिनिटे मागे ठेवलेले असे. धावतपळत आलेल्या प्रवाशाला गाडी मिळावी हा हेतू. लोकांना हे कळल्यावर ते ५ मिनिटे उशिरा निघू लागले असणार, हे सांगायला गणितज्ञ नको.

अखेर १९११मध्ये फ्रान्सलाही जगाच्या बरोबर यावे लागले. पॅरिस ग्रीनिचच्या ९ मिनिटे २१ सेकंद पुढे आहे. फ्रेंच संसदेने कायदा केला तो असा: फ्रान्सची अधिकृत वेळ म्हणजे पॅरिसची मध्यम वेळ, ९ मिनिटे २१ सेकंदांनी मागे घेतलेली. ग्रीनिचची वेळ स्वीकारली गेली आणि कायद्यात ग्रीनिचचे नाव कुठेही आले नाही.

मुंबई टाइम

हे सगळे रुसवेफुगवे एकाच शहराच्या वाट्याला आले, ते मुंबईच्या. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली ती दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी. पुढे लोहमार्ग देशभर पसरले तेव्हा वेळापत्रकासाठी एकच वेळ लागली आणि मद्रासची निवडली गेली. मद्रासला १७९२पासून कंपनी सरकारची वेधशाळा होती आणि मद्रासची वेळ मुंबई व कोलकाता यांच्या साधारण मध्ये पडत होती. रेल्वेपुरते हे ठीक चालले. गाडी पकडायची तर अर्धा तास आधी निघायचे, एवढेच मुंबईकरांनी ध्यानात ठेवले.

१८८१मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांतही मद्रास टाइम पाळण्याचा हुकूम काढला. तेव्हा मात्र शहर बिथरले. कोणत्या तरी दुसऱ्या इलाख्याच्या राजधानीची वेळ आपण का पाळायची, हा प्रश्न देशी आणि गोऱ्या व्यापाऱ्यांना सारखाच झोंबला. भांडणाचा मानबिंदू ठरला राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्याने आपल्या आईच्या नावाने विद्यापीठाला २ लाख रुपये दिले होते आणि त्यातून हा सुमारे २८० फुटी मनोरा १८७८मध्ये उभा राहिला होता. राजाबाई जैन होत्या, दृष्टी अधू झालेली; सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायला त्यांना टोल्यांची मदत व्हावी म्हणून हे घड्याळ, अशी कथा मुंबईत सांगितली जाते. रात्री घड्याळाच्या तबकड्या गॅसच्या दिव्यांनी उजळायच्या होत्या. त्याचा खर्च सरकारने देऊ केला, पण घड्याळाने मद्रास टाइम दाखवावा या अटीवर. विद्यापीठाच्या सिनेटने बहुमताने मुंबई टाइमचीच बाजू घेतली. १८८३मध्ये सरकारने हुकूम मागे घेतला. वेळेच्या लढाईत हरलेल्या या गव्हर्नरचे नाव दोन वर्षांनी पुण्यात निघालेल्या महाविद्यालयाला मिळाले, आणि ते मात्र टिकले.

खरी लढाई पुढेच होती. १ जानेवारी १९०६पासून साडेब्याऐंशी अंश रेखांशावर आधारलेली, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची वेळ सर्व भारतासाठी लागू झाली. मुंबईची घड्याळे ३९ मिनिटे पुढे करायची होती. कोलकात्याची २४ मिनिटे मागे. हा काळ बंगालच्या फाळणीनंतरचा. सरकारी हुकूम, मग तो घड्याळाचा का असेना, संशयानेच पाहिला जात होता. गिरणी कामगारांना तर या हुकमाचा अर्थ रोजच्या झोपेत कळला. भोंगा पूर्वीच्याच आकड्यावर वाजणार, पण सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटे आधी. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात शहराबाहेरच्या भागातील गिरण्यांतल्या हजारो कामगारांनी काम थांबवले आणि दगडफेक केली. शहरात सभा भरल्या. पंधरा हजारांहून अधिक लोकांनी अर्जांवर सह्या केल्या.

मुंबई महापालिकेने आधी नवी वेळ स्वीकारली आणि काही महिन्यांतच, फिरोजशहा मेहता यांच्या पाठिंब्याने, ती झुगारून पुन्हा मुंबई टाइम धरला. परिणामी बोरीबंदरला रस्त्याच्या एका बाजूला रेल्वेचे मुख्य स्थानक आणि समोर महापालिकेची इमारत. दोघांच्या कारभारात ३९ मिनिटांचे अंतर. शहरात भेटीची वेळ ठरवताना ‘मुंबई टाइम की स्टँडर्ड?’ असे विचारून घ्यावे लागे. उशीर झालेल्याला सबबही तयार मिळे. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात, सरकारने देशाची घड्याळे आणखी एक तास पुढे नेली. तेव्हा हे अंतर १ तास ३९ मिनिटांवर गेले.

कोलकात्याने आपली वेळ १९४८मध्ये सोडली. मुंबई टाइम पूर्ण संपायला १९५०चे दशक उजाडावे लागले. ज्यांच्या विरुद्ध हा हट्ट धरला होता ते इंग्रज तोवर देश सोडून गेले होते. पारशी अग्यारींत धार्मिक विधींच्या वेळा ठरवताना मुंबई टाइम त्यानंतरही पाळला गेला. विधी सूर्याशी जोडलेले असल्याने तिथे त्याला अजून काम होते.

हरवलेले दिवस

तासांवरून एवढे झाले, तर दिवसांवरून किती झाले असेल. जुने ज्युलियन कॅलेंडर वर्ष थोडे मोठे धरत असल्याने ऋतूंशी असलेला त्याचा मेळ सुटत चालला होता. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२मध्ये दुरुस्ती केली: ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस थेट १५ ऑक्टोबर. स्पेनमधील संत तेरेसा त्याच रात्री वारल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचे दफन झाले ते १५ ऑक्टोबरला, आणि त्यांचा सणही त्याच तारखेला पाळला जातो.

स्पेन-पोर्तुगालने हा बदल लगेच मानला. प्रोटेस्टंट इंग्लंडने पोपचे ऐकायला १७० वर्षे घेतली. तोवर इंग्रजांचे वर्षही २५ मार्चला सुरू होत असे. १७५२मध्ये २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर उजाडला. ‘आमचे अकरा दिवस परत द्या’ म्हणून लोकांनी दंगे केले ही गोष्ट पुस्तकांतून फिरत असते. तिचे मूळ बरेचसे विल्यम होगार्थ या चित्रकाराच्या निवडणुकीवरील उपहासचित्रात आहे. खरी चिकाटी दाखवली ती खजिन्याने. अकरा दिवसांचा कर बुडू नये म्हणून आर्थिक वर्षाची सुरुवात पुढे ढकलली गेली, आणि ब्रिटनचे करवर्ष आजही ६ एप्रिललाच सुरू होते.

याचा परिणाम कोकणच्या किनाऱ्यावरही होता. वसई १७३९पर्यंत पोर्तुगीजांकडे, मुंबई इंग्रजांकडे. खाडीच्या एका काठावर जी तारीख, तिच्याहून दुसऱ्या काठावर आधी दहा आणि १७००नंतर अकरा दिवस वेगळी. मराठ्यांच्या दप्तरात त्याच दिवसाची तिथी तिसरीच. एका दिवसाला तीन नावे असल्याने मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला आधी पंचांग शिकावे लागते.

शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचा दिवस म्हणजे ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६. रायगडावर हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन आपल्या कॅलेंडरने चालत होता. त्या हिशेबाने तो दिवस ६ जून १६७४ होता. गोव्याच्या पोर्तुगीजांसाठी तोच दिवस १६ जून. इतिहासकारांनी १७५२पूर्वीच्या तारखा इंग्रजी कागदांशी जुळवण्यासाठी जुन्याच कॅलेंडरात दिल्या आणि ६ जून रूढ झाला. जन्माचेही तसेच. जेधे शकावलीतील फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ही तिथी जुन्या गणनेने १९ फेब्रुवारी १६३० होते. आजच्या गणनेने १ मार्च. तारखेने की तिथीने, हा वाद दरवर्षी रंगतो, पण ज्या तारखेबद्दल तो चालतो तीच आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली नाही, याकडे दोन्ही पक्षांचे लक्ष क्वचित जाते.

स्वीडनने मध्यम मार्ग काढायला जाऊन सगळ्यांवर कडी केली. १७००पासून चाळीस वर्षे एकही लीप दिवस घ्यायचा नाही, म्हणजे फरक हळूहळू आपोआप भरून निघेल, अशी योजना होती. १७००चा लीप दिवस वगळला. मग युद्ध लागले आणि १७०४ व १७०८मध्ये वगळायचे राहूनच गेले. आता स्वीडनची तारीख ना जुन्या जगाशी जुळे ना नव्या. शेवटी १७१२मध्ये जुन्या कॅलेंडरात परतण्यासाठी एक दिवस वाढवला गेला आणि स्वीडनमध्ये ३० फेब्रुवारी उजाडला.

आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या आसपास असे चमत्कार आणखी होतात. फिलिपिन्सने १८४४चा ३१ डिसेंबर गाळला. रशियाने अलास्का अमेरिकेला विकले तेव्हा १८६७मध्ये तिथे शुक्रवारनंतर पुन्हा शुक्रवारच आला. अमेरिकी व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी सामोआने १८९२मध्ये ४ जुलै दोनदा साजरा केला. पुढे व्यापार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी वाढला, तेव्हा २०११मध्ये त्याच सामोआने वाररेषेची बाजू बदलली आणि ३० डिसेंबरचा शुक्रवार गायब केला. न उगवलेल्या त्या दिवसाचा पगार कामगारांना द्यावा, असेही ठरले.

तीस पंचांगे, एक देश

महाराष्ट्राला स्वतःचाही एक वाद आहे. छापील पंचांगातले ग्रह आणि आकाशातले ग्रह जुळत नाहीत, हे एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी दाखवले आणि वेधांशी जुळणारे पटवर्धनी पंचांग निघाले. लोकमान्य टिळकांनी हा विषय पुढे नेला. राशिचक्राचा आरंभ कोणत्या ताऱ्यापासून धरायचा, हा कळीचा मुद्दा. टिळक पंचांगात तो इतर पंचांगांहून सुमारे चार अंशांनी वेगळा आहे, म्हणून त्यात मकर संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते. अधिक महिना वेगळा पडला तर गणपती आणि दिवाळी चक्क महिनाभर आधी येतात. रत्नागिरी आणि इतरत्र टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत अशा वर्षी फराळाचे ताट शेजाऱ्यांच्या आधी एक महिना तयार असते.

स्वातंत्र्यानंतर १९५२मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली कॅलेंडर सुधारणा समिती नेमली गेली. देशात सुमारे ३० वेगवेगळी पंचांगे चालतात असे तिला आढळले. समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७, म्हणजे १ चैत्र १८७९, या दिवसापासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. ऋतूंशी घट्ट जुळलेली, महिन्यांचे दिवस ठरलेले, अधिक महिन्याची भानगड नसलेली अशी ती शास्त्रशुद्ध गणना आहे. राजपत्रावर आणि आकाशवाणीच्या निवेदनात तिला जागा मिळाली. सण मात्र लोकांनी आपापल्या पंचांगाने करायचे थांबवले नाही आणि पगार इंग्रजी तारखेनेच होत राहिला.

मुंबई टाइम आणि राष्ट्रीय दिनदर्शिका यांचा शेवट शेजारी ठेवला तर या भांडणांमागचा नियम दिसतो. साडेपाच तासांची भारतीय वेळ लोकांना नको होती आणि तरीही ती जिंकली, कारण गाडी, तार, रेडिओ आणि कचेरी तिच्यावर चालत होती. राष्ट्रीय दिनदर्शिकेला कुणी दगड मारला नाही, तिच्याविरुद्ध सह्या गोळा झाल्या नाहीत, आणि ती वापरात आली नाही. तिची तारीख चुकली म्हणून कुणाची गाडी चुकत नाही की पगार अडत नाही.